डिचोलीतलं कोबाल्टचं पीठ आणि साहेबांची चिमूटभर पूजा

गोव्याला जाऊन आले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, कुठला बीच केलास? यंदा मी कारखाना केला. तोही असा, की जिथे धातूचं पीठ पाडतात. हसू नका. हे पीठ त्रिमितीय छपाईच्या यंत्रात थरावर थर पसरतात, त्यावर लेझर फिरतो आणि त्यातून दातांच्या कॅप आणि गुडघ्याच्या वाट्या तयार होतात. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्याची मुलगी. वितळलेला धातू बघायला मिळणार असेल तर समुद्र मागे राहिला तरी माझी तक्रार नाही.

बोलावणं भाचीचं होतं. अश्विनी माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. धातुशास्त्र शिकली, पुण्याची चांगली नोकरी नाकारून पेडण्याला परत आली, कारण दाजी गेल्यापासून ताई घरात एकटी असते. डिचोलीकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात पीठ चाळण्याचा विभाग तिच्याकडे आहे. असं काम देणारा दुसरा कारखाना घरापासून जाऊन येण्याच्या टप्प्यात नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा.

"मावशी, खंडेनवमीक ये," ती फोनवर म्हणाली. "नवो टॉवर पुजतले. घरच्यांका भितर सोडतले त्या दिसा. परत असो चानस गावचो ना."

मी लगेच बॅग भरली.

कोल्हापूर-पणजी एसटी सकाळची घ्या. निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता. आजऱ्यापर्यंत खड्डे आहेत, पुढे बरा. आंबोलीत गाडी थांबते तिथली भजी खा, चहा मात्र टाळा, नुसता साखरेचा पाक असतो. घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. बांद्यानंतर पत्रादेवीला गोवा सुरू होतो आणि तिथूनच माझं डोकं तापायला लागलं. महामार्गासाठी डोंगर उभे कापलेत, लाल जखमा तशाच उघड्या आहेत, आणि त्या कापलेल्या डोंगरावरच मोठाले फलक: निसर्गाच्या कुशीत तुमचा व्हिला. निसर्गाला आधी कुशीतून बाहेर काढायचं आणि मग व्हिला विकायचा. भाड्याची टॅक्सी विचारलीत तर पेडण्याच्या पुलाखालून गावात जायलासुद्धा असा दर सांगतात की चालत जावंसं वाटतं. मी चालतच गेले.

ताईच्या अंगणात पोहोचले तेव्हा पोदेर सायकलवर पाव घेऊन आलेला.

"चार उंडे जास्त दी रे," ताई त्याला म्हणाली, "म्हजी भैण इल्या कोल्हापुरातसून. ती भाकरी मागता, तिका आमचे पाव रुचाक व्हये."

रुचले. पातळ भाजीत बुडवून तीन खाल्ले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून ताईनं कोयता, कुऱ्हाड आणि खोबरं खवायची आडाळी धुऊन पाटावर मांडली होती. आडाळीला झेंडूची माळ घातलेली पाहून मला फार बरं वाटलं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, यात मला कधी काही चुकीचं दिसलेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाईंना पूजेचाच राग आहे.

पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून अस्नोड्यामार्गे डिचोली, असा कदंबच्या बसनं प्रवास. दोन बस घ्याव्या लागतात, पण तिकीट किरकोळ आणि खिडकीबाहेर पिवळी होत आलेली भातशेती. डिचोलीजवळ आलं की जमिनीचा रंग बदलतो. इथं वर्षानुवर्षं खाणींचा माल ट्रकांतून वाहिला. झाडांच्या पानांवर लाल धूळ बसायची, असं शेजारच्या सीटवरच्या बाई सांगत होत्या. कारखान्यात पावडर बनते म्हटल्यावर सुरुवातीला गाव घाबरला होता तो त्यामुळेच.

कारखान्याच्या कुंपणाबाहेर एक सातवीण आहे. फुलली होती, वास रस्त्यापर्यंत येत होता. तिच्या बुंध्याशी एक दगड. तो या जागेचा राखणदार. कारखान्याच्या आधीपासून, बहुतेक रस्त्याच्याही आधीपासून तो तिथं आहे. कामगारांनी त्याच्यापुढे रोट म्हणजे जाड भाकरी, नारळ आणि विडी ठेवली होती. पुढे उभे होते विष्णूदादा, भट्टीवरचे सगळ्यांत वडीलधारे कामगार. दोडामार्गाकडचे, पूर्वी खाणीच्या ट्रकवर होते.

"आत यंत्रांना हळदकुंकू?" मी विचारलं.

"दाराच्या चौकटीक लावलां. भितर काय नाय," ते म्हणाले. "राखणदार शिमेर बसता. तो भितर येना, आणि आमी त्येका भितर न्हेना. त्येचा काम बाहेरच्यान भितर जावचा नाय, ह्यां."

देवानं स्वतःची हद्द पाळलेली मी तरी पहिल्यांदाच ऐकली.

मग अश्विनी मला आत घेऊन गेली. फोन गेटवर जमा, डोक्याला टोपी, तोंडाला घट्ट मास्क, पायात वेगळे बूट. कोबाल्टचं इतकं बारीक पीठ फुप्फुसात गेलं तर वाईट, आणि बारीक धातू हवेत उडाला तर ठिणगीही पुरते, म्हणून सगळे नियम. टॉवर दोन मजल्यांहून उंच. वर भट्टीत कोबाल्ट आणि क्रोमचं मिश्रण वितळतं, हवा काढून टाकलेली. मग तो रस एका बारीक नळीतून खाली सोडतात आणि चारी बाजूंनी आरगॉन वायूचा जबरदस्त झोत त्याच्यावर आदळतो. धारेच्या ठिकऱ्या होतात. प्रत्येक थेंब पडता पडता गोल होतो आणि खाली पोहोचेपर्यंत गोठलेला असतो. मी काचेतून बघत होते. पांढरी पडेल इतकी तापलेली धार आली, झोत सुटला, आणि क्षणात आत नुसता उजेडाचा धुरळा. बाबांच्या फाउंड्रीत रस साच्यात ओतताना मी श्वास रोखायचे, तसाच रोखला.

नंतर अश्विनीनं सूक्ष्मदर्शकाखाली पीठ दाखवलं. सगळे गोळे, एकसारखे गुळगुळीत. तिनं बारीक भोकाच्या फनेलमध्ये थोडं ओतलं, तर ते पाण्यासारखं वाहून गेलं.

"असाच व्हावाक व्हया," ती म्हणाली. "जरा कायतरी मिसळला, दमट झाला, की अडाकता. आणि अडाकला म्हणजे कोणाच्यातरी गुडघ्यात भोक रवला."

इथवर माझी सहल सुंदर चालली होती. मग साहेब आले.

साहेब म्हणजे मुंबईच्या मुख्य कार्यालयातले मोठे अधिकारी. रेशमी झब्बा, सोबत फोटोग्राफर आणि चांदीचं पूजेचं ताट. आमचे फोन गेटवर काढून घेतले होते, पण फोटोग्राफर कॅमेऱ्यासकट आत गेला. कारखान्याचे मॅनेजर गुरुदास, डिचोलीचेच, सरळ नोकरदार माणूस, त्यांच्या मागेमागे. मी चाळणविभागाच्या काचेबाहेर उभी होते आणि दार उघडं ठेवल्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

साहेबांना नव्या टॉवरच्या पहिल्या मालाची पूजा करायची होती. बंद डब्याची नको, उघड्या मालाची. फोटोत डबा कसला दिसणार.

"सर, हा डबा उघडता येणार नाही," अश्विनी म्हणाली. "आत आरगॉन भरलाय. दाराच्या चौकटीची पूजा झालीये."

"अहो, ही आपली लक्ष्मी आहे," साहेब म्हणाले. "लक्ष्मीला कोणी बंद ठेवतं का? तुम्ही गावचे लोक, तुम्हाला मी सांगायचं?"

अश्विनीनं गुरुदासांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. डबा उघडला गेला. साहेबांनी हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि चिमटीनं पिठावर सोडलं. एकदा नाही, फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, मला फक्त त्या पांढऱ्या-राखाडी पिठावर पडलेला लाल डाग दिसत होता.

साहेब बाहेर पडल्यावर अश्विनी म्हणाली, हा डबा बाजूला काढते. साहेबांच्या कानावर ते गेलं. सगळ्या डब्यांतला माल एकत्र घुसळून एकजीव करायचा आणि संध्याकाळी पाठवायचा, असं गिऱ्हाइकाला कबूल केलेलं होतं. "चिमूटभरानं काय होतं?" ते हसत म्हणाले आणि जेवायला गेले.

गुरुदास मागे राहिले. "घाल गो एकत्र," ते हळूच म्हणाले. "वाडय नाका."

तिनं लेखी मागितलं, त्यांनी हात झटकला. माल घुसळला गेला. एका डब्यातली चिमूट सगळ्यांत गेली. पण पाठवण्याआधीची तपासणी तिच्याकडे होती, आणि ती होईपर्यंत मी माल सोडणार नाही, एवढ्यावर ती अडून बसली.

दुसऱ्या दिवशी दसरा, कारखाना बंद. ताईनं मला केरीला नेलं. सुरूच्या झाडांखालचा किनारा अजून बराच शांत आहे. तिथून तेरेखोलला फेरीबोट जाते, सोबत गाडी नसेल तर पैसे पडत नाहीत. पलीकडच्या टेकडीवरून नदी समुद्राला मिळताना दिसते. दुपारी एका छोट्या खानावळीत शाकाहारी ताट मिळालं, खतखतं आणि सोलकढी, दर वाजवी. नुसत्या सुंदर सहलीसाठी हे वाचणाऱ्यांनी इथंच थांबावं, कारण पुढच्या सगळ्यात माझी चिडचिड आहे.

त्याच फेरीबोटीत ताईनं फोनवर मला कंपनीच्या पानावर आलेला फोटो दाखवला. साहेब हसतमुख, उघडा डबा, बोटांतून पडणारं कुंकू. खाली शेकडो अंगठे. "संस्कृती आणि तंत्रज्ञान यांचा संगम", असं काहीतरी लिहिलेलं.

कारखाना उघडला तशी तपासणी झाली. फनेलमधून पीठ मध्येच अडकलं. कार्बन वाढलेला. सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्यांमध्ये हळदीचे वेडेवाकडे कण. सगळा माल नापास. आणि संध्याकाळपर्यंत मुंबईहून निरोप आला. स्थानिक कामगारांनी खंडेनवमीला केलेल्या पूजेमुळे माल दूषित झाला. विभागप्रमुख अश्विनी यांनी ते रोखलं नाही. त्यांना चाळणविभागातून काढण्यात यावं. कुंपणाबाहेरचा पूजेचा प्रकार कायमचा बंद करावा. मॅनेजरांनी या आशयाचा अहवाल सही करून पाठवावा.

घरी अश्विनीच्या फोनवर मी तो निरोप दोनदा वाचला. फोटो कंपनीच्याच पानावर होता. सगळ्या मुंबई कार्यालयानं त्याला पसंतीचा अंगठा दिला होता. काही लपलेलं नव्हतं, शोधायचं काहीच नव्हतं. तरी दोष रोट ठेवणाऱ्यांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोराचा फोटो दारावर लावून संन्याशाला फाशी.

ताई स्वयंपाकघरात उभी होती, हातातलं काम तसंच. "म्हणजे ती पुण्याक जाताली?" तिनं विचारलं. पुण्यालाही कशी जाणार? भेसळ केली असा शिक्का बसलेल्या मुलीच्या हाती पुन्हा कोण धातूचं पीठ देईल?

"मी उद्या त्या गुरुदासाला चार गोष्टी सुनावते," मी म्हटलं.

"नाका मावशी," अश्विनी म्हणाली. "तो वायट मनीस न्हय. तो भियेता."

भिणारी चांगली माणसं, यांचा मला वाईट माणसांपेक्षा जास्त राग येतो. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि सकाळी तिच्याबरोबर गेले.

तिथं वेगळंच चाललं होतं. पूजा बंद करायचा हुकूम होता, पण राखणदाराला न सांगता त्याचा मान बंद करायचा, हे डिचोलीच्या माणसाच्या पचनी पडणारं नव्हतं. खुद्द गुरुदासांच्याच. त्यांनी विष्णूदादांना सांगितलं होतं, आधी गाऱ्हाणं घाल, त्याला कळव, मग बंद करू. साहेबाला घाबरणारा माणूस राखणदारालाही घाबरत होता. म्हणून पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे सातविणीखाली जमले होते. गुरुदास चपला काढून, हात जोडून पुढे. मुंबईहून तयार होऊन आलेला, नुसती सही करायचा तो अहवाल त्यांच्या खिशातून डोकावत होता.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं, सगळ्यांसमोर बोलणं. एकजण मागणं मांडतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, व्हय म्हाराजा.

"बा राखणदारा म्हाराजा," विष्णूदादांनी सुरुवात केली, "ह्या जाग्येचो तू धनी."

"व्हय म्हाराजा."

"आज तुजी लेकरां तुज्या म्होऱ्यार उबी आसत."

"व्हय म्हाराजा."

"आजपासून तुजो रोट बंद होतलो, असो वयल्यांचो हुकूम आसा."

"व्हय म्हाराजा." आवाज जरा खाली गेले.

"कित्याक, तर आमी कामगारांनी भितरल्या पिठात कुंकू घातला. आणि ह्या चेडवान आमका घालूक दिला. असा कागदार लिवलेला आसा, आणि आमचो मॅनेजर त्येच्यार सही करतलो. ह्यां खरां आसा म्हाराजा."

या वेळी ‘व्हय’ आलं नाही. विष्णूदादा डोळे मिटून थांबले. गाऱ्हाण्यात वाक्य मांडलं की होकार यायलाच हवा, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. अश्विनी मान खाली घालून उभी. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मी गुरुदासांकडे बघत होते, ते दगडाकडे.

"ह्यां खरां आसा म्हाराजा," विष्णूदादा पुन्हा म्हणाले.

"नाय म्हाराजा," गुरुदास म्हणाले.

सगळ्यांनी डोळे उघडले. गाऱ्हाण्यात कोणी नाय म्हटलेलं तिथल्या म्हाताऱ्यांनीही ऐकलेलं नसावं.

"नाय म्हाराजा," ते आणखी मोठ्यानं म्हणाले. "सायबान घातला. चेडवान नाका म्हटल्यान. आणि एकत्र कर म्हणान मी सांगलंय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हटलं, कोल्हापूरची असून.

गुरुदासांनी तो कागद तिथं फाडला वगैरे नाही, असलं सिनेमात होतं. ते आत गेले, संगणकापुढे बसले आणि घडलं तसं लिहिलं, स्वतःचं नाव घालून. जोडीला कंपनीचाच फोटो. मग बाहेर येऊन अश्विनीला म्हणाले, "पाठयलां. आता बघुया." चहा मागवला आणि तो न पिताच कामाला गेले.

मी त्याच दिवशी परत निघाले. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, हा कारखाना पर्यटकांसाठी उघडा नाही, ओळखीशिवाय जाऊ नका. डिचोलीचा बाजार मात्र बघा, पेडण्याच्या पोदेराचे उंडे खा आणि सातवीण फुलते त्या दिवसांत जा.

घरी येऊन काही आठवडे झाले. नापास माल परत भट्टीत गेला. धातूचं बरं असतं, त्याला पुन्हा वितळता येतं. राखणदाराचा रोट चालू आहे. अश्विनी आहे तिथंच आहे, ताईच्या घरातून रोज ये-जा करते. गुरुदासांना मुंबईला बोलावून दिवसभर बाहेर बसवून ठेवलं, मग अर्धा तास झापलं आणि परत पाठवलं. साहेबांना कोणी काही विचारलं नाही. फोटोही अजून पानावर आहे, मी रोज बघते आणि रोज चिडते.

काल अश्विनीचा फोन होता. मुंबईहून नोटीस आली आहे, पीठविभागाच्या दारावर लावायला. कामगारांनी पूजेचं कोणतंही साहित्य आत नेऊ नये. एवढंच. कामगारांनी. साहेबांचा उल्लेख नाही, पाहुण्यांचा नाही. मी फोनवरच सुरू झाले. एवढं सगळं होऊनही शहाणपण शिकवायचं ते कामगारांना? उद्या दुसरा कोणी झब्बा घालून ताट घेऊन आला तर?

"इल्लो," अश्विनी म्हणाली.

"कोण?"

"दुसरो सायब. परवा. हातात नारळ आणि कुंकवाचो करंडो. म्हणालो, डबा उघड."

"मग?"

"गुरुदास सरांनी दाराची चावी म्हज्याकडे दिल्या, मावशी. सर दारात उबे रवले आणि म्हणाले, तिका विचारा. मी सांगलंय, चौकट बाहेरसून आसा, तिका लावा."

"आणि त्यानं लावलं?"

"लायल्यान. निमूट."